आईनं आत घेतलं का?

श्रावस्तीनं गोष्ट सात तुकड्यांत लिहिली होती. नवरा सोडून आलेली बाई पहिल्याच तुकड्यात माहेरच्या दारात उभी. ती का निघाली, ते अगदी शेवटी. दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "वाचक गोंधळतील. सरळ क्रमानं लावा, नाहीतर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सोयाबीन खुरपताना तिनं ती गोष्ट तशीच उलटीपालटी सोबतच्या बायांना ऐकवली. बाया खाली मान घालून खुरपतच राहिल्या. तिचा धीर सुटला. "समजंना का, आत्या?"

"समजतंय की," विठाबाई खुरपं न थांबवता म्हणाल्या. "नवी शेजारीण बी आधी दिसती, तिचं दुखणं मागनं कळतं. पण दारात उभी केलीस, अन् आईनं आत घेतलं का न्हाय ते सांगंनास! आमी काय तिच्यासंगं दारातच बसायचं व्हय?"

बाया खदखदून हसल्या. श्रावस्तीनं ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. न सांगण्यातच खरी कला, असं तिला वाटायचं.

संध्याकाळी तिनं आठवा तुकडा लिहिला. आई पाण्याचा तांब्या पुढं करते आणि दारातून बाजूला होते. तो तुकडा तिनं चौथ्याच्या मागं घातला. बाकी क्रम तसाच ठेवून गोष्ट संपादकांना पाठवली. खाली लिहिलं, "छापायची तर अशीच छापा."