कांद्याचे हात

सायखेड्याच्या त्या बांधावर काळ्या मुंग्यांची दोन बिळे होती, वीस पावलांच्या अंतरावर. ती एकाच वसाहतीची दोन दारे की दोन परकी राज्ये, एवढाच प्रश्न तेजलने एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घेतला होता. तीन आठवडे ती इकडची मुंगी चिमटीत धरून तिकडे सोडत होती आणि दर वेळी तिकडच्या मुंग्या तिच्यावर तुटून पडत होत्या. गंध हीच त्यांची भाषा, गंध हेच कूळ. ‘दोन वसाहती’ असा निष्कर्ष लिहून झाला होता. उद्या नाशिकला प्रबंध द्यायचा होता.

सुमनबाई चहा घेऊन आल्या. लेकीच्या चिमटीत मुंगी पाहून थबकल्या.

“कांदाचाळीतले कांदे निवडून तशीच बसती का गं रोज?”

“हात धुते ना, आई.”

“धुऊन जातो का तो वास? बसमधी आपल्या शेजारी बसलेल्या बाया पदर लावत्यात नाकाला. अन् ह्या तर वासावरच जगत्यात, तूच म्हणती.”

तेजलचा कप ओठांशीच थांबला. उचललेली मुंगी तिच्याच दारी परत सोडून पाहण्याचे तिला एकदाही सुचले नव्हते.

तिने चिमटीतली मुंगी तिच्याच बिळाशी सोडली. सख्ख्या बहिणींनी तिचे पाय धरले आणि तिला फरफटत बाहेर आणले.

मग तेजलने बोट न लावता दुसरी मुंगी गवताच्या काडीवर चढू दिली आणि पलीकडच्या बिळाशी नेली. एका थोराड डोक्याच्या मुंगीने आपल्या मिशा तिच्यावरून फिरवल्या, अंधाऱ्या खोलीत कुणी ओळखीचा चेहरा चाचपावा तशा, आणि बाजूला सरली. दहा मुंग्या नेल्या. दहाही आत गेल्या. वीस पावलांच्या मातीखाली एकच घर होते, आणि अक्षरही न लिहिता ते स्वतःला ओळखत होते.

तेजलने वहीतल्या निष्कर्षावर आडवी रेघ मारली.

“आता गं?” सुमनबाईंनी विचारले.

“सरांना मुदत मागते. तीन आठवडे पुन्हा.”

“अन् हिचं काय?”

बाहेर काढलेली मुंगी दाराशी बसून पुढच्या पायांनी अंग निपटत होती. मायलेकी उकिडव्या बसून राहिल्या, चहा निवला. बऱ्याच वेळाने आतून एक इवलीशी मुंगी आली, तिला हुंगत राहिली, मग तिची पाठ चाटू लागली.

“घेतली बघ,” सुमनबाई हळूच म्हणाल्या.