अढळ नावाचा ग्रह

वेधशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. वयानेही आणि हुद्द्यानेही. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली तेव्हा डायरेक्टरसाहेबांनी शब्द दिला होता, "ग्रहाच्या नामकरणाचा समारंभ पार पडू दे, त्याच दिवशी तुझी नोकरी पक्की." पक्क्या माणसांच्याच मुलांना वेधशाळेच्या पाळणाघरात जागा मिळे. तोवर बाळ सासूबाईंकडे होतं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. महिनाअखेर त्या थोरल्या लेकाकडे जाणार होत्या.

ग्रह साहेबांनी शोधला होता. म्हणजे आकडेमोड धाकटीने केली होती आणि पेपरात फोटो साहेबांचा आला होता. लांबचा एक तारा किंचित डोलत होता. त्याला ओढणारा ग्रह जवळपास असणार, असा हिशेब. यादीत ग्रहाला ताऱ्याचा नंबर आणि त्यापुढे 'बी' हे अक्षर मिळालं, तेव्हा साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पहिला ग्रह आपला, मग 'ए' का नाही?"

"ए म्हणजे तारा स्वतः, सर. ग्रहांची सुरुवात बीपासून. आणखी एक सापडला तर तो सी."

"म्हणजे काहीही करा, आपण दुसरेच."

पुढे ग्रहताऱ्यांची नावं ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने कळवलं की अक्षराच्या जोडीला एक खरंखुरं नावही सुचवा. झालं, समिती बसली. जिवंत माणसाचं नाव नको, पाळीव प्राण्याचं नको, दुकानाचं तर मुळीच नको, असे नियम होते. साहेबांच्या मनात आईचं नाव होतं.

"पण आई तर चांगल्या ठणठणीत आहेत," प्रसिद्धी अधिकारी बाई हळहळल्या.

साहेबही क्षणभर हळहळले, मग सावरले. भांडारपालांना मांजरीचं नाव हवं होतं. "ती पाळीव नाही, आपणहून येते," असा त्यांचा मुद्दा. शेवटी साहेबांनी 'अढळ' सुचवलं आणि लगेच टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.

"ग्रह फिरतो, सर," धाकटी म्हणाली.

"भावना बघावी. फिरणं काय बघायचं?"

नाव मंजूर होऊन आलं. वेधशाळेच्या दारावर 'अढळ'चा बोर्ड लागला.

धाकटीचा स्वभाव मुलखाचा धास्तावलेला. गॅस बंद केलाय हे बघून निघालेली बाई जिन्यावरून परत यायची, आणि आलेच आहे तर म्हणून झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बघायची. त्याच स्वभावापायी तिने यंदाची नवी निरीक्षणं ग्रहाच्या हिशेबात घालून पाहिली, आणि हिशेब जुळेना. त्या ताऱ्यावर काळे डाग होते. तारा स्वतःभोवती फिरे तसे डागही फिरत, आणि त्यामुळे तो नुसता डोलल्यासारखा दिसे. यंदा डाग विरले होते, आणि डोलणंही. ग्रह असता तर डाग गेले म्हणून त्याने ओढणं सोडलं नसतं. तिने सगळं पुन्हा मांडलं. आपली चूक सापडावी असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं. सापडली नाही.

"ग्रह नाहीये, सर."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाही म्हणजे किती नाही?"

"अजिबात नाही."

"समारंभ सोमवारी आहे," प्रसिद्धी बाई म्हणाल्या. "मंगळवारपासून नसला तर?"

"तो आत्ताही नाहीये, बाई."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ धाकटे, तुझं नेमणुकीचं पत्र माझ्या टेबलावर आहे. आठवडाभर तोंडाला कुलूप घाल. बाळाचा विचार कर."

बाळाचा विचार ती करतच होती. घरी त्याला भरवताना, त्याचे कपडे वाळत घालताना, दुसरं काही सुचेना. पण त्याच ग्रहासाठी परदेशातले काही शास्त्रज्ञ मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागत होते, हेही डोक्यातून जाईना. वर्षभर ते डागांमागे धावणार. त्यांच्यातही कुणाचं बाळ कुठल्या तरी आजीच्या दुखऱ्या गुडघ्यावर असेल. शुक्रवारी सकाळी तिने दुरुस्ती जागतिक संस्थेला पाठवून दिली आणि मग कितीतरी वेळ कॉम्प्युटरकडे बघत बसली. आता जिन्यावरून परत येण्याची सोय नव्हती.

समारंभ झाला. साहेबांनी फीत कापली, भाषण केलं, त्यात ग्रहाच्या अभ्यासासाठी नवा 'अढळ विभाग'ही जाहीर केला. पत्राचा विषयही निघाला नाही. बुधवारी संस्थेचं उत्तर आलं: ग्रह यादीतून काढला आहे, दिलेलं नाव मात्र परत घेण्याची पद्धत नाही.

साहेबांनी तिला बोलावलं. "उद्यापासून यायची गरज नाही."

"एक मिनिट, सर," प्रसिद्धी बाई मध्येच बोलल्या. "हिला काढलं तर पेपरवाले विचारतील, का काढलं. मग ग्रहाचा विषय निघेल. ठेवली तर कोण विचारतंय? आणि अढळ विभाग तर आपण सोमवारीच जाहीर केलाय. तिथे बसायला कुणीतरी लागेलच."

"विभागात काम काय?"

"ग्रहच नाही म्हटल्यावर काम थोडं. चुकायची भीतीही नाही."

साहेबांनी बराच वेळ पेन चावलं. मग त्या पत्रावर सही केली, तिच्याकडे न बघता.

धाकटीने पॅसेजमधून घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, पाळणाघर मिळालं. पक्की झाले."

"सुटले बाई. आणि तुझा ग्रह?"

"तो नाहीये, आई. कधी नव्हताच." मग आठवून म्हणाली, "तुम्ही शेजारच्या काकूंना सांगून बसलात ना?"

"मी नुसतं नाव सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "ती काय बघायला जाणारे?"