मोहरीवर बसलेलं अनोळखी पाखरू

आत्याच्या कारखान्यात पाच फळ्यांवरची पाखरं तयार होऊन भिंतीला टेकली होती, आणि सहाव्या फळीपाशी सगळं घोडं अडलं होतं.

काम चर्चचं होतं. पाळकसाहेब जिथून प्रवचन देतात त्या उंच व्यासपीठाला सहा बाजू, आणि प्रत्येक बाजूला एक कोरीव फळी. कल्पना पाळकांचीच. प्रत्येक फळीवर पवित्र शास्त्रातलं एक पाखरू आणि त्याची विसाव्याची जागा. "माझ्या प्रवचनात लोक इकडेतिकडे बघतातच," ते म्हणाले होते, "तर निदान काहीतरी चांगलं बघू देत."

पाच फळ्या आत्याने कोरल्या. सहावी हातात घ्यायच्या आदल्या दिवशी पटाशी सटकली आणि तिच्या उजव्या अंगठ्याला चार टाके पडले. राहिली ती भाची. पदवी प्राणिशास्त्राची, निकाल लागल्यापासून मुक्काम आत्याकडे. तिला घरात सगळे चिमटा म्हणत, कारण लहानपणापासून समोरच्याचा एकेक शब्द ती चिमट्यात धरून उजेडात बघायची.

"हे बघ चिमटे," आत्या म्हणाली, "तुझी आई रोज फोन करून माझे कान खाते. बुधवारपासून तुला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय म्हणे. मी वहिनीला सांगितलंय, सोमवारी पाळक फळ्या बघायला येतील. पोरीची फळी त्यांनी घेतली, तर पोर माझ्याकडे राहील, कायमची. नाही घेतली, तर मी स्वतः तिची बॅग भरीन."

"आणि मला कोणी विचारलं का?"

"तुला काय विचारायचंय? गेले चार महिने भुसा झटकायचं नाव घेत नाहीस. केसातसुद्धा भुसा घेऊन झोपतेस."

ते खरं होतं. आयुष्यात काही हवंसं वाटलं असेल तर ते हेच, लाकडातून पाखरू बाहेर येताना बघणं. पण कोरणं वेगळं आणि पाखरांबद्दल बरोबर असणं वेगळं, आणि चिमटाला दोन्ही हवं होतं. त्यापायी आत्याच्या नाकी नऊ आले होते. वेदीजवळ घरटं करणाऱ्या पाकोळीला मंजुरी लगेच मिळाली, पाकोळ्यांना छपराचा आडोसा आवडतोच. देवदारावरचा करकोचाही पास झाला. नोहाच्या तारवातून सोडलेलं, पाय टेकायला जागा न मिळून परत आलेलं कबुतरही बरोबर होतं. फक्त तिथे चिमटाने एक पुरवणी जोडली. कबुतराआधी सोडलेला कावळा परत आला नाही, कारण त्याला वाहत्या पाण्यावर बसायला जागा मिळाली असणार.

"कसली जागा?"

"प्रेतं. कावळ्याला चालतात."

"व्यासपीठावर प्रेतं कोरू का मी? पोरं रडत घरी जातील!"

कड्यावरच्या गरुडाच्या वेळीही तसंच झालं. तिथे जुन्या भाषेतला मूळ शब्द कदाचित गिधाडाचा असावा, असं चिमटाने कुठेतरी वाचून आणलं. आत्याने पटाशीवर ठोकायची मोगरी खाली ठेवली, दीर्घ श्वास घेतला आणि गरुडच कोरला. पाचवी होती पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी. तिच्याबद्दल मात्र कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

सहावी फळी मोहरीची. दृष्टांत चर्चमध्ये सगळ्यांना पाठ असलेला: इवलासा दाणा पेरला, तो वाढून एवढा मोठा झाला की आकाशातली पाखरं येऊन राहिली. आत्याने काढलेल्या नमुन्यात मनगटाएवढ्या फांद्यांचं ऐसपैस झाड होतं आणि फांदीफांदीवर पाखरं. पाळकांनी मान डोलावली होती, चर्चच्या मंडळानेही.

"पण मोहरी म्हणजे झाड नाही," चिमटा म्हणाली होती. "काडी आहे."

आणि ती नुसती म्हणून थांबली नाही. काम आलं त्याच आठवड्यात तिने कारखान्याच्या मागच्या अंगणात दोन फुटक्या बादल्यांत मोहरी पेरली. रोपं खांद्यापर्यंत आली, फुलली, शेंगा धरल्या. मग ती वही घेऊन खिडकीत बसू लागली, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, अडतीस दिवस. कोणतं पाखरू आलं, कुठे बसलं, किती वेळ. निष्कर्ष स्वच्छ होता. चिमण्या येतात त्या खाली, सावलीत, पडलेले दाणे टिपायला. काडीवर कोणी बसत नाही.

म्हणून गुरुवारी, उरलेल्या दोन कोऱ्या फळ्यांतली पहिली हातात घेतल्यावर चिमटाने आत्याचा नमुना बाजूला सारला आणि जशी बादलीत होती तशी मोहरी कोरायला घेतली. उभी काडी नीट निघाली. बाजूला फुटणारी पहिली डहाळी कोरताना मात्र टक् असा आवाज झाला आणि ती बिस्किटासारखी तुटून पायाशी पडली. लाकडाच्या रेषा उभ्या असतात, त्यांच्याबरोबर जाणारी बारीक काडी टिकते, आडवी जाणारी टिकत नाही. हे तिला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं, एवढंच.

आत्याने तुटकी डहाळी उचलून खिडकीशी नेली. ओरडली नाही, त्यामुळे चिमटाची जास्तच पाचावर धारण बसली.

"आता एकच फळी उरलीय," आत्या म्हणाली. "माझं झाड कोर. जाड फांद्या, काही तुटायचं नाही. पाळक खूश, तुझी आई गप्प."

"मला जे दिसलं नाही ते कसं कोरू?"

"कबुतर तारवातून सुटताना मी तरी कुठे बघितलं होतं गं?"

तरी शुक्रवारी उरलेल्या फळीवर चिमटाने झाड कोरलं नाही. तिने दाट, उभ्या काड्या कोरल्या, पानं फळीला चिकटून, आणि खाली सावलीत सात चिमण्या, अशा पुढे आलेल्या की हातात घ्याव्यात. एकीची मान खाली, एक पायाने कान खाजवतेय. शनिवारी दुपारपर्यंत खालचे दोन हिस्से झाले. वरचा तिसरा हिस्सा कोरा होता, आणि पाळकसाहेब दारात उभे होते.

"सोमवारी मंडळाची माणसं बरोबर असतील," ते म्हणाले, "ते बोलतात फार. म्हटलं आज एकट्यानेच बघून घ्यावं." आत पाऊल टाकताच त्यांना भुशाने तीन शिंका आल्या. माणूस अंगाने आडवा, स्टुलावर बसले तसं स्टूल कण्हलं.

पाच फळ्यांवरून ते हात फिरवत गेले. कबुतरापाशी बराच वेळ थांबले. सहाव्या फळीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"झाड कुठे गेलं?"

आत्या छताकडे बघू लागली. चिमटाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तोंड मात्र चालू झालं. तिने बादल्या सांगितल्या, अडतीस दिवस सांगितले, वही समोर धरली. "आणि तुमच्याच शास्त्रात, मार्कच्या पुस्तकात, पाखरं सावलीत राहतात असं आहे. मी तेच कोरलंय."

"हाच दृष्टांत सांगताना मत्तय आणि लूक पाखरं फांद्यांवर बसवतात."

"त्यांनी मोजलं नव्हतं."

"चिमटे!" आत्या ओरडली.

पाळक मात्र वही वाचत होते. पान उलटताना जीभ ओठाबाहेर काढायची त्यांना सवय होती. चिमण्या खाली, चिमण्या खाली, मांजर आलं म्हणून कोणीच नाही, चिमण्या खाली. मग त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? सत्ताविसावा दिवस. 'काडीच्या शेंड्यावर एक. चिमणीहून लहान. ओळखता आलं नाही. नोंद धरू नये.'" त्यांनी वर बघितलं. "का धरू नये?"

"कारण... कोणतं पाखरू होतं तेच कळलं नाही."

"पण बसलं होतं?"

"बसलं होतं."

"किती वेळ?"

चिमटाचा आवाज खाली आला. "काडी वाकली आणि ते त्याच वाकलेल्या काडीवर बसून शेंगा फोडून खात राहिलं. चार मिनिटं."

"म्हणजे एक पाखरू फांदीवर आलं होतं आणि तू त्याला नाव विचारून हाकलून दिलंस," पाळक म्हणाले. "मुली, शास्त्रात तरी कुठे त्यांची नावं दिलीयत? आकाशातली पाखरं, बस्स. मी झाडाचा हट्ट सोडतो. बादलीतली मोहरी मला पटली. पण जे बसलं होतं ते फळीवर नसेल तर ही फळी खोटी आहे, आणि खोटी फळी मी घेणार नाही."

चिमटाचे कान लाल झाले. झाडावरून तिला कोणी बोललं असतं तर ती तासभर भांडली असती. पण आपल्याच वहीतली नोंद आपणच दाबली, कारण ती निष्कर्षाच्या आड येत होती, हे पकडलं कोणी, तर प्राणिशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाने.

"वाकलेली काडी म्हणजे आडवी," आत्या हळूच म्हणाली. "तुटणार. आणि फळी ही शेवटची."

चिमटा फळीच्या कोऱ्या भागाकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल घेतली. "आत्या, काडी वळते कुठे? इथे. तुटणार कुठे? इथेच. पाखरू नेमकं इथेच बसवलं तर? पोट काडीला चिकटलेलं, सगळं एकाच जाड लाकडात. मग काडीने पाखराला नाही, पाखरानेच काडीला धरायचं."

आत्याने फळीवर डावा अंगठा फिरवला, उजवा पट्टीत होता म्हणून. "शेपटी फळीला टेकव," ती म्हणाली, "आणि बारीक पटाशी घे. मोगरी नको, हाताने दाब."

पाळक हलले नाहीत. "मी बसतो," ते म्हणाले, आणि बसले, दोन कप चहा आणि नऊ शिंका होईपर्यंत. आत्या कानाशी उभी राहून "हळू... हळू... अगं श्वास तरी घे" म्हणत होती. आधी डोकं निघालं, मग वर उचललेली शेपटी, मग वाकलेल्या काडीचा बाक. शेवटचा कपचा उडाला तेव्हा चिमटाची बोटं आखडली होती.

पाळक उठले. त्यांनी आपला जाडजूड अंगठा पाखराच्या पाठीवर ठेवला आणि दाबला. चिमटाने डोळे मिटून घेतले. काहीच वाजलं नाही. त्यांनी आणखी दाबला.

"मंडळाला मी सांगतो," ते म्हणाले. "फळी माझी."

चिमटाचा जीव भांड्यात पडला. आत्याने लगोलग फोन लावून तिच्या हातात दिला. "सांग आईला. माझं ऐकायची नाही ती."

"आई, मी बुधवारी येत नाही," चिमटा म्हणाली. "मी इथेच राहतेय."

"शिकून सवरून एका चिमणीपायी चांगली नोकरी सोडतेस?"

"चिमणी नाही गं. चिमणीहून लहान होतं."

"मग कोण होतं?"

"तेच तर अजून कळलेलं नाही."

असं उत्तर ऐकलं की आई सहसा आत्याला फोन द्यायला सांगायची. या वेळी तिने विचारलं, "चोच कशी होती?"