गळ्याची आण

वेल्ह्याहून तोरण्याच्या पायथ्याकडे निघालं की वाटेत एक वाडी लागते. तिथल्या शाळेत कमळाबाई शिकवायला आल्या तेव्हा दूध पावडरीचं दूध मुलांना मिळत होतं आणि चित्रकला म्हणजे फळ्यावर गुरुजींनी आंबा काढायचा, मुलांनी तस्साच पाटीवर उतरवायचा, एवढाच अर्थ होता. मुख्याध्यापक मानसिंग गुरुजींचा आंबा मात्र दरवर्षी वांग्यासारखा यायचा, आणि सगळी शाळा निमूटपणे वांगं काढायची.

कमळाबाईंनी ते मोडलं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या पावडरीच्या रिकाम्या पिशव्यांचा खाकी कागद फाडून वाटायच्या. कोळसा, गेरू, नीळ, चुना आणि वाटलेला पाला मधोमध ठेवायच्या आणि सांगायच्या, मनात असेल ते काढा. गुरुजींना हा पोरखेळ वाटे, आणि तसं ते बोलूनही दाखवत. कमळाबाई ऐकून घेत आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा कागद फाडत.

हे सगळं खरं तर रतनसाठी चाललं होतं. आठ वर्षांची ही मुलगी गेल्या भातलावणीपासून एक शब्द बोलली नव्हती. तिची आई खाचरात पान लागून, म्हणजे साप चावून गेली, तेव्हापासून तोंड बंद. बाप मुंबईला गोदीत. घरी आजी सखूबाई आणि धाकटी बहीण अंजना. गावाच्या मते पोरीला बाहेरचं काही लागलं होतं. भगत गेनबाने उपाय काढला होता: येत्या अवसेला गळ्यावर बिब्ब्याचा डाग द्यायचा. बिब्बे आणूनही ठेवले होते. कमळाबाईंनी लहानपणी भोरला असा डाग दिलेलं पोर पाहिलं होतं, त्याचं ओरडणं त्यांच्या कानातून गेलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि हाती फक्त खाकी कागद होता.

रतन दर वेळी एकच चित्र काढायची. दोन बाया शेजारी-शेजारी आडव्या. एकीचं लुगडं हिरवं. बाजूला उभी एक मुलगी, तिला डोळे होते, पण तोंड नव्हतं. हिरव्या लुगड्याची ती आई, हे कमळाबाईंना लगेच कळलं. दुसरी त्यांना रतनची कुणी मावशी वाटत होती. अवस तीन दिवसांवर आली तेव्हा रतनने बोट चुन्यात बुडवलं आणि त्या दुसरीच्या डोक्यावर पांढरे केस काढले.

ही तर सखूबाई, धडधाकट जिवंत बाई. त्यांनी हळूच विचारलं, आजीला का गं निजवलंस? रतनने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली.

ती चिमूट कोणाला कळत नाही? लहानपणी प्रत्येकाने अशीच गळ्याची शपथ घेतलेली असते. मोडली तर ज्याच्या गळ्याची, तो मरतो.

शाळा सुटताच कमळाबाई चित्र घेऊन रतनबरोबर तिच्या घरी गेल्या. सखूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं. चहा आला तो फुटक्या कानाच्या वेगळ्या कपात, कारण कमळाबाई बौद्धांच्या. त्यांना राग आला, पण आज तो गिळायचा होता. त्यांनी चित्र पुढे ठेवलं आणि विचारलं, पोरीला कसली आण घातलीत का?

सखूबाईंनी चित्रातल्या पांढऱ्या केसांवरून बोट फिरवलं. मग आठवलं तसं सांगू लागल्या. सून गेली त्या दिवशी अंजना तापाने फणफणली होती, आई-आई करत होती. तिला सांगितलं, आई किकवीला माहेरी गेलीय. आणि रतनने तोंड उघडू नये म्हणून तिला दम भरला.

"म्हनलं, अंजीजवळ बोललीस तर माज्या गळ्याची आन हाय. तवाच इसरले मी, बाई. पोरीनं बोलनंच टाकलं व्हय?"

"तिला तुम्हाला गमवायचं नाही, आजी. एक शब्दही चुकून निसटू नये म्हणून सगळेच गिळले तिने. तुम्ही आण सुटली म्हणा."

सखूबाईंनी अंगणात पाहिलं. अंजना एसटीच्या वाटेकडे तोंड करून बसली होती. रोज या वेळेला ती तशीच बसायची. आण सोडायची तर या पोरीचं वाट बघणंही संपणार होतं. मग म्हातारीने स्वतःच्या सुरकुतल्या गळ्याची चिमूट धरली आणि सोडली.

"सुटली. रतन, माजी आन सुटली."

रतनचे ओठ दोनदा हलले. आवाज आला तो घोगरा, जड.

"तू मरनार न्हाईस?"

"न्हाई गं बाय."

रतन उठली आणि अंगणात बहिणीशेजारी जाऊन बसली.

"अंजे, आई न्हाई येनार. आई मेली."

अंजना रडली नाही. ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने त्या ओठांना बोट लावून पाहिलं.

"मंग तू बोलनार का माज्यासंगं?"

"व्हय," रतन म्हणाली, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. सखूबाई कोनाड्यातले बिब्बे पदरात घेऊन ओढ्याकडे टाकायला निघाल्या. जाताना त्यांनी कमळाबाईंच्या पुढ्यातला फुटका कपही टाकायला उचलून नेला.