पदरभर बुचाची फुलं

मार्गशीर्षातली सकाळ. साताऱ्यात, किल्ल्याच्या चढावर, धुकं अजून झाडांच्या अंगाखांद्यावरून उतरलं नव्हतं. कोवळं ऊन दबकत दबकत वर येत होतं. आणि रस्ताभर बुचाची फुलं. पांढरी फुलं, लांब देठांची फुलं, दवानं जडावलेली, वासानं जडावलेली फुलं.

चढाच्या पायथ्याशी, दगडी कट्ट्यावर, श्रीरंग मोबाईल घेऊन बसला होता. चालणाऱ्यांसाठी तो एक अ‍ॅप बनवत होता. मन शांत करणारं अ‍ॅप. पडद्यावर एक इवलासा दिवा. पाऊल पडलं की दिवा पुढे, पाऊल पडलं की दिवा पुढे. आणि माणूस थांबला, की श्रीरंगच्याच आवाजात एक हळुवार हाक: "चला, पुढे चला."

त्याची बायको उर्मिला माघात गेली. हृदयविकारानं, अचानक. तोवर दोघं रोज हाच चढ चढायची. अर्ध्यावर ती मागे राहायची.

"चल गं, चल पुढे," तो वरून म्हणायचा.

"फुलं वेचते. तुम्ही व्हा पुढे," ती खालून म्हणायची.

आणि तो पुढे व्हायचा.

आज त्याच्या हाताखालची समिधा आपल्या आईला घेऊन अ‍ॅप तपासायला वर गेली होती. ती हसतच उतरली.

"सर, आवाज एकदम छान. पण आमच्या मातोश्री रुसल्यात तुमच्यावर."

"का गं?"

"अर्ध्या चढावर दम लागला. थांबल्या, तर मोबाईल म्हणतो, चला पुढे! मग काय, दम लागला म्हणून कशाला सांगतील? बसल्या वाकून फुलं वेचत."

मागून आई आल्या. कपाळावर घाम, ओंजळीत फुलं. "लाज वाटते हो," त्या म्हणाल्या. "आपल्यापायी दुसऱ्याचा खोळंबा नको."

समिधा हसत होती. श्रीरंग त्या ओंजळीकडे बघत राहिला.

पहिल्या वर्षी उर्मिलानं आणली होती मूठभर फुलं. दुसऱ्या वर्षी ओंजळभर. शेवटच्या मार्गशीर्षात पदरभर. काचेच्या वाडग्यात मावेनात, तेव्हा तिनं पितळेचं पातेलं काढलं. "काय हा नाद तुझा!" तो म्हणाला होता. घरभर वास, उशापायथ्याशी वास. त्या वासात तिचा श्वास त्याला ऐकूच आला नव्हता. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, चढताना दम लागायचा का, तेव्हा त्यानं ठामपणे सांगितलं होतं: "छे हो. रोज चढायची ती."

कट्ट्यावर बसूनच त्यानं ती हाक पुसली. तिच्या जागी काही घातलं नाही. शब्द नाही, सूर नाही. माणूस थांबला की दिवा थांबेल, एवढंच.

मग तो उठला आणि चढू लागला. ऊन आता झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचलं होतं. अर्ध्या चढावर, बुचाच्या झाडाखाली, तो थांबला. हातातला दिवा थांबला. वरून कुणी हाक मारत नव्हतं; खालून कुणी म्हणत नव्हतं, तुम्ही व्हा पुढे.

एक फूल पडलं. त्यानं वाकून उचललं. एक फूल पडलं. दिवा थांबून होता. एक फूल पडलं.