नटमित्राची डिस्क

सासरे आयुष्यभर नाटकांची प्रकाशयोजना करत. जुन्या तालमींच्या चित्रफिती त्यांनी कॉम्प्युटरवर घेतल्या खऱ्या, पण त्या चार डिस्कांत विखुरल्या होत्या. सून लिनक्सवर काम करणारी. तिने आठ टेराबाइटची एकच डिस्क आणली, लिनक्सच्या ext4 पद्धतीने फॉरमॅट केली आणि सगळं तिच्यावर उतरवलं.

सासऱ्यांना दम कुठला! डिस्क पिशवीत घालून ते थेट आपल्या नटमित्राकडे गेले. त्याच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरला ती वाचताच येईना. 'आधी फॉरमॅट करा,' असं पडद्यावर आलं. मित्राने निमूटपणे केलं. डिस्क उघडली, पण आत काहीच नव्हतं.

सासरे घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "सगळं गेलं गं."

"काही गेलं नाही, बाबा. जुन्या डिस्का मी पुसल्याच नाहीत," सून म्हणाली. "डिस्क कुठे कुठे फिरणार, हे मीच आधी विचारायला हवं होतं."

सासऱ्यांच्या जिवात जीव आला. लगेच सल्लाही आला. "मग त्याला वाचता येईल असंच सगळं कर ना."

"exFAT म्हणून दुसरी पद्धत आहे, ती लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालते. पण मध्येच वीज गेली किंवा कुणी वायर उपटली, तर ext4 जास्त सावरून घेतं."

"वायर मी उपटतोच."

"म्हणून तर."

"बरं, अर्धी अशी, अर्धी तशी?"

"त्याचा कॉम्प्युटर लिनक्सच्या भागापाशी पुन्हा तेच विचारायचा. आणि तुमचे मित्र पडले आज्ञाधारक!"

सासरे पहिल्यांदा हसले. जुनं FAT32 तिने विचारातही घेतलं नाही. त्यात चार गिगाबाइटची फाइल मावत नाही, आणि यांच्या नाटकाचा एकेक अंक त्याहून मोठा. मोठी डिस्क तिने पुन्हा ext4 केली. सिस्टिमसाठी आपोआप राखली जाणारी पाच टक्के जागाही मोकळी केली. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर ती कशाला अडवायची? ही डिस्क घरातच राहणार होती. मित्रासाठी तिने वेगळी छोटी डिस्क exFAT केली आणि त्याच्या तालमी तिच्यावर घातल्या.

रविवारी दोघं ती घेऊन गेले. या वेळी डिस्क मुकाट उघडली. पडद्यावर तरणाबांड मित्र वाक्य विसरून थबकला आणि विंगेतून एका बाईचा दबका आवाज आला. तिने वाक्य पुरवलं.

मित्राने चष्मा काढला. ती त्याची बायको होती, जाऊन बरीच वर्षं झालेली.

"जरा मागे घे," तो सुनेला म्हणाला. "तिचं वाक्य पुन्हा लाव."

तिने लावलं. मग सासऱ्यांनी उठून खोलीतला दिवा मंद केला.