डाव्या चाकाजवळची खटखट

डॉक्टर वसंताबाई बाळंतपणांसाठी अड्यारच्या आपल्या घरून थेट दूरच्या तांबरमपर्यंत स्वतः गाडी चालवत जायच्या. १९५८च्या उन्हाळ्यात गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ खटखट सुरू झाली.

"चाक धरून ठेवणारा सांधा गेलाय. चाक कधीही निखळेल," एका गॅरेजवाल्याने सांगितलं. "नवा सांधा यायला दोन महिने लागतील."

ते ऐकून त्यांचे पती राघोत्तमराव यांनी गाडीची किल्लीच काढून घेतली. इकडे तांबरमच्या सीतालक्ष्मीचे दिवस भरत आले होते आणि तिची आधीची दोन मुलं दगावली होती. वसंताबाईंना चैन पडेना. त्यांनी नारायणस्वामी नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं.

मिस्त्रींनी चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलं. सांधा घट्ट होता. मग गाडी खाली घेऊन त्यांनी राघोत्तमरावांना पुढचा बंपर दाबून सोडायला सांगितला आणि स्वतः खाली आडवे होऊन एकेका जोडावर बोट ठेवत गेले. शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या टोकाशी बोटाला हिसका बसला.

"अम्मा, इथलं रबर झिजून गेलंय. लोखंडावर लोखंड आपटतंय, एवढंच. चाकाला धोका नाही."

तासाभरात नवं रबर बसलं. राघोत्तमराव शेजारी बसले आणि वसंताबाईंनी मुद्दाम खड्ड्यांतून गाडी नेली. काहीच वाजलं नाही.

"बरं झालं," राघोत्तमराव हसून म्हणाले. "मी उगाच घाबरलो."

"मग आता तांबरमलाच जाऊ."

गाडी दारात थांबताच सीतालक्ष्मी पोट सावरत बाहेर आली आणि वसंताबाईंचा हात धरून रडू लागली.

"गाडी बिघडल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही येणार नाही असंच वाटलं होतं, अम्मा."